श्रावणातली सुरमई

पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती, पण हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. पार्ल्यातल्या त्या कॉलेजच्या तळमजल्यावर सुगंधा परब कागदाची रिमं सोडून बसली होती. पावसाळ्यात तिचा दिवस असाच उजाडायचा. कागद दमट झाला की प्रिंटरच्या पोटात जाऊन तव्याला चिकटलेल्या आंबोळीसारखा चोळामोळा होतो, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून जुन्या लोखंडी कपाटात बल्ब लावून रिमं त्या उबेत ठेवायची, आणि सकाळी बाहेर काढून पत्त्यांसारखी पिसायची. मग ओंजळीत घेऊन मजल्यामजल्यावर भरायला निघायची.

"आली बघ पोरांना भरवायला," लायब्ररीतली रश्मी म्हणायची.

"भरवते म्हणून गप आहेत. नाहीतर तुझ्यासारखी दिवसभर कुरकुर करतील."

कॉलेजात प्रिंटर पाच. सगळे वायरीनं सुगंधाच्या खोलीतल्या एका काळ्या डब्याला जोडलेले. डब्यात लिनक्स, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातलंच पोर. कुणी कुठल्याही टेबलावरून छापायला दिलं की काम आधी या डब्यात येणार, ज्याच्या त्याच्या रांगेत उभं राहणार, आणि नंबर आला की तिकडे कागद बाहेर पडणार. हे यंत्र बसवणाऱ्या माणसानं प्रिंटरांना नावाऐवजी लांबलचक आकडे दिले होते. ते कुणाच्याच डोक्यात राहीनात. परीक्षेचे कागद लायब्ररीत, लायब्ररीचे प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये. शेवटी सुगंधानं एका दुपारी सगळ्यांचं बारसं केलं.

बाहेरच्या खिडकीवरचा, दिवसभर राबणारा तो बांगडा. प्रिन्सिपलांच्या केबिनमधला पांढराशुभ्र, चपटा आणि महागडा तो पापलेट. स्टोअरमधली, काहीही घाला चावून टाकणारी ती मोरी. लायब्ररीतली चिमुकली तारली. आणि परीक्षा विभागातली, सगळ्यांत तब्येतीची, ती सुरमई. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी डकवली. त्या दिवसापासून कुणाचा कागद चुकला नाही. भांडुपला घरी तिनं हे सांगितलं तर सासू सोनूबाई हातातली भाकरी ठेवून बघत राहिली.

"गो बाये, छापूच्या डब्याक सुरमई म्हणतस? ती तळूक येता काय?"

"तळूक नाय येत, पण तिच्यावर आपली चूल चालता," सुगंधा म्हणाली.

अडचण यायची ती श्रावणात. रजिस्ट्रार मधुवंतीबाई पार्ल्यातच जन्मल्या, पार्ल्यातच सासरी गेल्या, आणि श्रावण म्हणजे श्रावण अशा पाळणाऱ्या. कोण कागद उडवतं यावर नजर राहावी म्हणून चालू प्रिंटरांची खिडकी त्या स्वतःच्या स्क्रीनवर कायम उघडी ठेवायच्या. पहिल्याच श्रावणी सोमवारी उपासाची खिचडी पुढ्यात घेतली, आणि स्क्रीनवर आलं: पापलेट तयार आहे.

"अगं सुगंधा," त्या स्वतः खाली उतरून आल्या होत्या, "अकरा महिने काय हवं ते म्हण. पण श्रावणात तरी नको गं. घास घशाखाली उतरत नाही."

सुगंधा खो खो हसली, पण बाईंचं ऐकलं. तेव्हापासून रिवाजच पडला. गटारीच्या दुसऱ्या दिवशी मासळी बंद, भाजी चालू. त्याच प्रिंटरांना नव्या नावाच्या रांगा द्यायच्या आणि टेबलाटेबलावर जाऊन जोडायच्या. सुरमईचा व्हायचा दुधी, पापलेटचं पडवळ, बांगड्याची भेंडी, मोरीचा भोपळा, तारलीची तोंडली. गणपती गेले की पुन्हा मासळी. प्रिन्सिपलसुद्धा आषाढाच्या शेवटी विचारायचे, "काय सुगंधाबाई, आमचा पापलेट कधी बाटतोय?"

तर त्या सोमवारी, दुसऱ्या श्रावणी सोमवारी, ती रिमं पिसत असताना दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. पाठीला सॅक, हातात कंपास, केस अर्धवट वाळलेले.

"मॅडम, हॉल तिकीट इथे मिळणार का? परीक्षा विभागात कुणीच काही सांगत नाहीये."

"केटीचं?"

"हो ना. प्रांजल नाव माझं. गणितात राहिले होते, त्याची केटी. आज अकराला पेपर. हा सुटला की डिग्री. अंधेरीच्या कंपनीत माझं सिलेक्शन झालंय, पण या महिन्यात पास दाखवायचंय. आणि हॉल तिकीट नसेल तर आत घेत नाहीत."

"मिळेल की. हॉल तिकिटं परवाच छापायला दिली असणार. बस, पाणी पी."

पण तेवढ्यात जिन्यावर काठीचा टकटक आवाज आला. गणिताचे देवव्रत सर. पायाचं हाड मोडून महिनाभर घरी होते, शनिवारी पहिल्यांदा कामावर आले होते. परीक्षेचं सगळं त्यांच्याकडे. काखेत लॅपटॉप, कपाळावर घाम.

"सुगंधाबाई, वाट लागली. शनिवारी संध्याकाळी जाताना सगळी हॉल तिकिटं छापायला टाकली. लॅपटॉप म्हणाला, पाठवली. म्हटलं सोमवारी ट्रेमध्ये सापडतील. ट्रे रिकामा! आत्ता सकाळी आल्यापासून पुन्हा पुन्हा देतोय. तो म्हणतो पाठवली, पाठवली, पाठवली. कुठे पाठवली?"

"उडून नाही जात सर. बघते."

ती स्क्रीनसमोर बसली. परीक्षा विभागाचा प्रिंटर म्हणजे दुधी. तिनं एलपीक्यू लिहून दुधीचं नाव पुढे टाकलं. एलपीक्यू म्हणजे अमुक प्रिंटरच्या दारात कोण उभं आहे ते विचारणं. उत्तर आलं: दुधी तयार आहे, रांगेत कुणी नाही.

"दुधी तर पाय पसरून बसलाय," ती पुटपुटली. मग तिनं स्वतः एक कागद दुधीला दिला. पलीकडच्या खोलीत घरघर झाली, कागद पडल्याचा आवाज आला. म्हणजे प्रिंटर ठणठणीत. वायर ठणठणीत. "सर, तुमच्या लॅपटॉपचंच काहीतरी."

"लॅपटॉपचं काय! तो पाठवली म्हणतोय ना!" सरांनी पुन्हा एकदा बटण दाबलं. "हे बघा, पाठवली."

प्रांजलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून गेले होते. बाहेर कॉरिडॉरमध्ये केटीची बाकीची पोरंही जमायला लागली होती. "यार, आमचा चान्स जाणार बहुतेक," कुणीतरी म्हणालं.

सुगंधानं डोळे मिटले. काही अडलं की तिला कायम करी रोडची चाळ आठवायची. बाप गिरणीत, आई पापड लाटायची, आणि नळावर नंबर लावायचं काम सुगंधाचं. पहाटे हंडा ठेवून यायचं, म्हणजे आपण नाही तरी आपला हंडा रांगेत उभा. चाळीला नळ दोन. एकदा मागच्या नळाचं पाणी तुटलं, आणि कुणालाच कळलं नाही. बायका येत राहिल्या, हंडे ठेवत राहिल्या, रांग पार जिन्यापर्यंत गेली. आणि सुगंधा पुढच्या नळावर उभी राहून आईला सांगत होती, "रांगच नाहीये गं, आज पाणी सोडलंय मस्त!"

तिनं डोळे उघडले.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही गटारीला नव्हता ना इथे?"

"गटारीला? मी प्लास्टरमध्ये होतो. आणि मी गटारी पाळत नाही हो."

"पाळायची नाही. तुमच्या लॅपटॉपवर प्रिंटरचं नाव काय दिसतंय ते सांगा."

सरांनी चष्मा वर केला. "सुरमई. नेहमीचंच."

सुगंधानं कपाळावर हात मारला. आतापर्यंत ती एकाच नळाची चौकशी करत बसली होती. तिनं एलपीस्टॅट लिहिलं आणि कुठल्याच प्रिंटरचं नाव न टाकता डब्यात उभ्या असलेल्या सगळ्या कामांची यादी मागितली. स्क्रीन भरभर खाली सरकली. सुरमई, सुरमई, सुरमई. एकामागोमाग एक हंडे. सगळ्यांवर देवव्रत सरांचं नाव. सगळ्यात जुना शनिवारचा.

"अरे देवा! सगळी इथेच उभी आहेत बिचारी."

घडलं होतं ते तिच्याच हातून. प्रिंटरच्या रांगेला दारं दोन असतात. एका दारातून काम आत घेतलं जातं, दुसऱ्या दारातून ते छापायला सुटतं. मासळी बंद करताना दोन्ही दारं लावायची, हे तिला पाठ होतं. पण यंदा गटारीला सोनूबाईनं कोंबडी-वडे केले होते, नवऱ्याचे, नितेशचे भाऊ जमले होते, आणि दुसऱ्या दिवशी सुगंधा डोळ्यांत झोप घेऊन कामाला आली होती. सुटायचं दार लावलं, आत घ्यायचं उघडंच राहिलं. बाकी सगळ्यांच्या टेबलांवर तिनं भाजी जोडून दिली होती, म्हणून कुणाला कळलं नाही. सरांचा लॅपटॉप तेवढा घरी होता.

"माझीच चूक सर. सुरमई कामं घेत होती, पण छापत नव्हती. दुकान उघडं, बाई आत झोपलेली."

"मग उठवा की तिला!"

"श्रावणात कुठे उठवू! थांबा, हंडे दुसऱ्या नळावर नेते."

एवढ्या प्रती छापून काय करायच्या? तिनं सगळ्यात पहिलं काम, शनिवारचं, उचलून दुधीच्या रांगेत ठेवलं. नळावरचा कायदाच तो: आधी आला त्याचा मान. बाकीची सगळी रद्द केली. आणि मग, डोक्यात चूक ताजी होती म्हणून, सुरमईचं आत घ्यायचं दारही घट्ट लावून टाकलं. पलीकडच्या खोलीत दुधी धडाधड कागद टाकायला लागला. कॉरिडॉरमध्ये पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"झकास!" सर काठी टेकत धावले. नावं पुकारून वाटायला लागले. पोरं तिकीट घेऊन सुटली. गठ्ठा संपला. प्रांजल हात पुढे करून तशीच उभी.

"माझं?"

सरांनी मागेपुढे बघितलं, टेबलाखाली बघितलं. मग त्यांचा चेहरा उतरला. "अगं, तुझा फॉर्म उशिरा आला होता ना. तुझं नाव मी आज सकाळी टाकलं. आजच्या प्रतीत आहेस तू. शनिवारच्या प्रतीत नाहीस."

आणि आजच्या सगळ्या प्रती सुगंधानं नुकत्याच रद्द केल्या होत्या.

प्रांजल रडली नाही. नुसती घड्याळाकडे बघत राहिली. अकराला फार वेळ नव्हता, आणि परीक्षेचा हॉल तिसऱ्या मजल्यावर.

"सर, पुन्हा द्या! फक्त हिचं!"

सरांनी बटण दाबलं. लॅपटॉपवर लाल अक्षरं आली: सुरमई काम घेत नाही.

"आता का नाही घेत?"

"आत्ताच दार लावलं मी! थांबा." सरांच्या लॅपटॉपवर दुधी जोडत बसायला वेळ नव्हता. सुगंधानं एकदा वर छताकडे बघितलं. वरच्या मजल्यावर नेमकी मधुवंतीबाईंच्या खिचडीची वेळ. मग तिनं दोन ओळी लिहिल्या आणि सुरमईची दोन्ही दारं सताड उघडली. "द्या सर. दाबा!"

पलीकडे घरघर झाली. एक कागद पडला. प्रांजलनं तो उचलला, सरांनी भिंतीला टेकूनच सही केली, शिक्का मारला.

"जा! पळ!"

"थँक यू मॅडम," प्रांजल जिन्याकडे वळली, आणि वरून उतरणाऱ्या मधुवंतीबाईंवर जवळजवळ आदळलीच. बाईंच्या हातात अजून चमचा होता.

"सुगंधा! माझ्या स्क्रीनवर सुरमई आलीय! छापतेय म्हणे! सोमवारी!"

"हो बाई."

"हो बाई काय?"

"या मुलीचं हॉल तिकीट सुरमईतून काढावं लागलं. चूक माझी होती. नाहीतर तिचा पेपर जात होता."

प्रांजल अवघडून उभी राहिली होती, एक पाय पायरीवर. मधुवंतीबाईंनी तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि चमच्यानंच जिना दाखवला.

"उभी काय राहिलीस? चढ! लिफ्ट बंद आहे!"

पोरगी दोन दोन पायऱ्या घेत गेली. तिसऱ्या मजल्यावर घंटा व्हायच्या आत तिच्या चपलांचा आवाज थांबला. देवव्रत सर जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभे होते. "गेली आत," ते म्हणाले आणि खुर्चीत धपकन बसले.

"आणि हो," मधुवंतीबाई सुगंधाला म्हणाल्या, "आता ती सुरमई बंद कर. पण सर्वांसमोर मला नावं ठेवू नकोस हं, बाईंमुळे झालं म्हणून."

"नाही हो बाई. बाईंमुळे नाही, कोंबडी-वड्यांमुळे झालं."

"शी! सोमवारी!" म्हणत बाई वर गेल्या, पण जिन्याच्या वळणावर त्यांना हसू फुटलेलं सरांनी पाहिलं.

सुगंधानं सुरमईची दोन्ही दारं लावली. आधी आत घ्यायचं, मग सुटायचं. लावली की नाही ते एलपीस्टॅटला एकदा विचारलं, पुन्हा एकदा विचारलं. बांगडा, पापलेट, मोरी, तारली, सगळ्यांची दारं तपासली. तिथंही चारच्या चारांचं एकेक दार उघडं राहिलं होतं. ती लावली. मग सरांच्या लॅपटॉपवर भाजी जोडून दिली.

"यातला माझा कुठला?" सरांनी विचारलं.

"दुधी."

"मला दुधी आवडत नाही हो."

"गणपतीपर्यंत खाऊन घ्या."

तेवढ्यात फोन वाजला. लायब्ररीतून रश्मी. "अगं ए, तोंडली उपाशी आहे इथे. आज भरवलंच नाहीस."

"आले, आले," सुगंधा म्हणाली. टेबलावर सकाळी अर्धवट पिसलेलं रीम तसंच पडलं होतं. तिनं ते उचललं, कडेनं अंगठा फिरवत कागद सुटे केले, गालाला लावून दमट आहे का बघितलं, आणि ओंजळीत धरून जिना चढायला लागली.