बाजारातली शांताची जागा

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी शांता आणि मी ओसरीत बसून मेथीच्या जुड्या बांधल्या. "ही काय जुडी हाय? गिऱ्हाइकाच्या हातातच सुटंल," म्हणाली, आणि माझ्या सगळ्या जुड्या सोडून परत बांधल्या. सकाळी ती उठलीच नाही.

तेरावं झालं आणि पोरानं मला पुण्याला आणलं. वडवणीच्या स्टँडवर सगळं गाव सोडायला आलं, पण रडत होतं तिच्यासाठी. मी गाडीत चढलो कधी, कुणी बघितलंही नाही.

मी वडवणीवर जळतो. आमच्या लग्नाच्या वेळी ते लहानसं गाव होतं. साध्या कागदासाठी दुसरीकडं जावं लागायचं. पुढं तालुका झाला, कचेऱ्या आल्या, रस्त्याच्या कडेनं लई दुकानं झाली. बाजाराची रीत मात्र तीच. जागेला कागद नाही. माणूस गेलं तर शेजाऱ्यांनी जागा धरून ठेवायची, घरचे दुसऱ्याला 'बस' म्हणेपर्यंत. बाजारात भाजी घेऊन शांता बसायची, म्हणून गाव मला 'शांताबाईचे मालक' म्हणायचं. शेत माझं, घाम माझा, नाव तिचं!

इथं भाजी मोबाईलवर मागवतात. लिफ्टनं वर येते, मुळं कापलेली. पोराच्या फ्लॅटात शांताची रिकामी जागा कुठंच नाही. ती इथं कधी राहिलीच नाही.

वर्षभर एकच घोर. तिच्या जागेवर कोण बसलं असेल? शेवटी पारूला फोन लावला. ती शांताच्या शेजारी कांदे विकते.

"कोन बसतंय गं तिथं?"

"कोन बसंल, दाजी? तुमी कोनाला बस म्हनलाच न्हाई. लोकायला हाकलून हाकलून जीव गेला आमचा. माजी सून तिकडं उन्हात बसती."

"मंग इचारलं कावून न्हाई?"

"भांडला आस्ता. तुमचा सोभाव ठावं हाय आमाला."

रीत मीच विसरलो होतो. आधी बरं वाटलं, मग परत जळलो. माझं घर म्हणजे आता तेवढीच गोणपाटाएवढी मोकळी जमीन, आणि तीही राखतंय दुसरंच कुणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत फोन केला. "सुनेला बसव," म्हणालो. "पर जागा शांताचीच म्हनायची."

"ते तुमी सांगावं लागतंय व्हय, दाजी?"

मी जळतच फोन ठेवला.