विहीणबाईंचा बॅज

ही गोष्ट सात वर्षं माझ्या पोटात आहे. नवऱ्याला सांगितली नाही, लेकीला तर नाहीच नाही. तशी मी काही अबोल बाई नव्हे. कऱ्हाडात आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि सकाळी शटर वर गेलं की माझं तोंड जे सुरू होतं ते शटर खाली येईपर्यंत. पण बोलता बोलता ह्या गोष्टीच्या जवळ आले, की मी विषय बदलते. आज नाही बदलत. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — आणि ओळखण्यावरूनच तर हे सगळं आहे.

कुठून सुरुवात करू? फ्रँकफर्टच्या त्या प्रदर्शनापासून? नको. आधी विहीणबाईंबद्दल सांगते, नाहीतर मी काय केलं ते कळेल पण कुणाशी केलं ते कळायचं नाही.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या, मधुराच्या सासूबाई. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. यजमान गेल्यापासून वर्षातले काही महिने मुलाकडे फ्रँकफर्टला असतात. व्हिसा संपला की साताऱ्याला, मिळाला की पुन्हा तिकडे. मधुराचं पहिलं बाळंतपण ठरलं त्याच महिन्यात इकडे माझ्या नवऱ्याची बायपास निघाली. पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं ना? आमच्याकडे ते सासूनं केलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची मालिश, सगळं त्या परक्या देशातल्या दोन खोल्यांत. आणि त्यावरून आजवर एक शब्द नाही. टोमणा नाही, की "आम्ही होतो म्हणून" असं नाही. मी फोनवर रडले तेव्हा म्हणाल्या, "अहो विहीणबाई, तुमची लेक ती माझी कोण?" संपलं.

तर अशी बाई. आता प्रदर्शनाचं.

स्टीलच्या डब्यांवर आणि कुकरांवर दुकान चालत होतं, पण माझ्या डोक्यात खूळ शिरलं होतं — बाहेरची चांगली वस्तू आपल्या भागात आपण आणायची. फ्रँकफर्टला घरगुती वस्तूंचं भलंमोठं प्रदर्शन भरतं, जगभरचे लोक येतात. तिथं हौशी माणसाला प्रवेश नाही, व्यापारीच लागतो. जावयांनी ऑनलाइन अर्ज भरला. मी खरेदीदार. आणि दुसरा पास मी विहीणबाईंच्या नावानं काढायला लावला, कारण — खरं सांगू? — मला भीती वाटत होती. कुठली गाडी, कुठलं दार, कुणाला काय विचारायचं. अर्जात हुद्दा हवा होता, तर जावई हसत म्हणाले, "असिस्टंट, पर्चेस लिहितो." विहीणबाईंना इतका आनंद झाला! "या वयात नोकरी लागली म्हणायची." बॅज घरी छापला, त्यावर वर त्यांचं नाव, खाली ठळक अक्षरांत आमच्या दुकानाचं नाव. गळ्यात घालून आरशासमोर उभ्या राहिल्या.

फेब्रुवारीचा महिना. कऱ्हाडहून नेलेला माझा स्वेटर पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. स्वतःचा काळा लोकरी कोट काढला, चांगला, दर वर्षी जपून ठेवलेला, आणि मला घातला. "तुम्हाला मोठ्या लोकांत बसायचंय," म्हणाल्या. आपण मुलाचं जुनं जाकीट चढवलं. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. त्याखाली साडी, पायांत बूट, डोक्याला कानटोपी. हे मुद्दाम सांगतेय. पुढे लागणार आहे.

पहिला दिवस वाया गेला. एकेक हॉल म्हणजे आमची अख्खी बाजारपेठ मावून वर जागा उरेल. स्टॉलवरची माणसं आधी माझ्याकडे नाही, माझ्या बॅजकडे बघायची. गावाचं नाव वाचायची, ते कुठं असेल याचा अंदाज घ्यायची आणि मग माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसायची. संध्याकाळपर्यंत मी अगदी एवढीशी झाले होते! विहीणबाई मात्र मजेत. पत्रकं गोळा करत होत्या, "या, या, गेनाऊ" करत लोकांना जर्मनमध्ये हो, हो, बरोबर म्हणत होत्या, मला बसायला जागा धरत होत्या. एके ठिकाणी एका पोरीशी जर्मनमध्ये बोलून त्यांनीच मला दुसऱ्या दिवशीची वेळ मिळवून दिली. किसण्या आणि भाजी चिरायची यंत्रं करणारा कारखाना, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. साडेअकराची वेळ. ती त्यांनी मिळवली होती, हेही लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, बोलणी माझी मी करते, तुम्ही बसा कुठंतरी. एक वाजता मोठ्या दाराजवळ भेटू, मग जेवू. त्यांनी मान डोलावली. पिशवीत डबा होता, थर्मास होता. पहाटे उठून पोळ्या केल्या होत्या.

स्टॉलवरचे गृहस्थ म्हातारे होते, गळ्यात दोरीला चष्मा. पण या माणसानं माझं ऐकून घेतलं हो! मी गाजरं किसून दाखवली, नारळाचं सांगितलं, आमच्याकडे एका लग्नाला किती काकड्या लागतात ते सांगितलं. त्यांनी कॉफी मागवली. मी फुगत गेले. मग त्यांनी विचारलं, कामाला माणसं किती, हे सगळं सांभाळणार कोण? तेव्हा मी म्हणाले, माझी पर्चेस असिस्टंट आहे, सोबत आलीय, पुण्याची एमबीए आहे.

कुणी विचारलं होतं एमबीए आहे का म्हणून? कुणीही नाही. जीभ माझीच.

दीड वाजून गेला होता. मला भानच नव्हतं. आणि मग त्या सगळ्या काचेच्या, दिव्यांच्या झगमगाटात हाक आली — "अहो विहीणबाई!"

दहा पावलांवर त्या उभ्या होत्या. लांब बाह्यांचं जाकीट, कानटोपी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात थर्मास. चेहरा लाल झालेला, मला शोधून शोधून दमलेल्या, आणि मी दिसल्यावर इतक्या खूश! गृहस्थांनी चष्मा नाकावर चढवला. त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इंग्रजीत विचारलं, या बाई तुमच्याकडे आल्यात का?

मी म्हणाले, "नो, नो. आय डोन्ट नो धिस लेडी."

त्यांचाच कोट अंगात घालून म्हणाले हे. त्यांनी मिळवलेल्या वेळेला, त्यांनी दाखवलेल्या वाटेनं येऊन, त्यांच्याच उबेत बसून. त्या ध्यानासारख्या दिसत होत्या, कारण त्यांचं चांगलं ते माझ्या अंगावर होतं.

विहीणबाई जागच्या जागी थांबल्या. इंग्रजी कळलं नसेल, अशी मी पुढे बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होते. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई! आणि कळलं नसतं, तर पुढचं त्यांनी का केलं असतं? त्यांचा हात गळ्याशी गेला. बॅजवर. त्यावर आमच्या दुकानाचं नाव होतं ना — चार पावलं पुढे आल्या असत्या तर गृहस्थांनी ते वाचलं असतं, आणि माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. हे मला त्या क्षणी सुचलंही नव्हतं. त्यांना सुचलं. घाईघाईनं त्यांनी बॅजची दोरी डोक्यावरून काढली. तिच्यात अडकून कानटोपीही निघाली, केस विस्कटले. बॅज पिशवीत टाकला, टोपी कशीबशी घातली, गृहस्थांकडे बघून "एन्टशुल्डिगुंग", म्हणजे माफ करा, म्हणाल्या, चुकून आले असं हातानं दाखवलं, आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

मी उठले का? नाही. गृहस्थ पात्याच्या धारेबद्दल काहीतरी सांगत होते. मी माना डोलावत होते. आणखी अर्धा तास बसले मी तिथं. उठता आलं नसतं का? आलं असतं.

मोठ्या दारापाशी गेले तर त्या बाकावर बसलेल्या, मांडीवर डबा. झाकणही उघडलेलं नव्हतं. मी पोचायच्या आतच म्हणाल्या, "किती मोठे हो हे हॉल! सगळीकडे शोधलं, तुम्ही मला सापडलाच नाहीत."

आणि मी — दुसऱ्यांदा तोंड उघडायची संधी मिळाली होती मला, तिथं कुणी जर्मन नव्हता, कुणी ऐकणारं नव्हतं — मी म्हणाले, "अहो, मीही तुम्हालाच शोधत होते."

पहिलं एक वेळ तोंडातून सुटून गेलं म्हणता येईल. हे सुटलं नव्हतं. हे मी विचार करून म्हणाले.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग डबा उघडला. पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी माझ्या हातात दिली. "आधी खा. तुमची साखर उतरते." मी खाल्लं. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला, तोही प्यायले. आत परत जायचं तर दारावर बॅज लागतो, म्हणून त्यांनी तो पिशवीतून काढला आणि माझ्याकडे न बघता गळ्यात घातला.

किसण्यांची एजन्सी आम्हाला मिळाली. आज आमच्या दुकानाची ओळखच ती आहे, साताऱ्यापासून कोल्हापुरापर्यंत लोक नाव काढतात. पत्र आलं तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद विहीणबाईंना झाला. सगळ्यांना मी सांगते, विहीणबाईंमुळे झालं. अगदी मनापासून सांगते, त्यात तसूभर खोटं नाही. त्या नसत्या तर मी त्या शहरात स्टेशनाच्या बाहेरही पडले नसते. त्या नसत्या तर माझ्या लेकीला त्या दिवसांत कुणी पाणी तापवून दिलं असतं? दर वर्षी मेतकूट पाठवते, भाजणी पाठवते. पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी नवा कोट घेतला आणि काळा परत द्यायला गेले, तर घेतला नाही. म्हणाल्या, "असू द्या, तो तुम्हालाच शोभतो." रागानं नाही हो. कौतुकानं. ते जास्त लागलं. आभार मानून मानून मी दुसरं काहीतरी झाकत असते, हे त्यांना कळत असेल का? कळत असेल. त्यांना सगळंच कळतं.

गेल्या गणपतीत मी फ्रँकफर्टला लेकीकडे होते. आरतीला मराठी मंडळी आली होती, बरीचशी इंजिनियर पोरं-पोरी, काही एर्लांगेन नावाच्या लांबच्या गावाहून गाडीनं आलेली. दाराशेजारी किल्ल्यांच्या खुंटीवर विहीणबाईंचा तो बॅज अजून टांगलेला असतो. कागद पिवळा पडलाय. एका मुलीनं विचारलं, "आजी, हे काय?"

"माझी नोकरी!" विहीणबाई म्हणाल्या. "यांच्या कंपनीत होते मी. दोन दिवस असिस्टंट, पर्चेस."

सगळे हसले. मीही हसले. मुलगी म्हणाली, "मग काय काय खरेदी केलंत?"

"कसली खरेदी! त्या हॉलांमध्ये मला या सापडल्याच नाहीत. डबा घेऊन नुसती फिरत राहिले." हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नाहीत. कधीच नाही. प्रसादाच्या वाट्या भरत होत्या, पहिली माझ्या हातात दिली.

सात वर्षं ती बाई माझ्यासाठी खोटं बोलतेय, आणि सात वर्षं मी शेजारी उभी राहून हसतेय.

मी त्यांना सापडले होते. दहा पावलांवर होते मी, त्यांच्या कोटात, आणि त्यांनी हाक मारली होती.