काचेवर राहिलेली मतपत्रिका

कॉलेजचं शिक्षण घेणारी आमच्या घरातली मी पहिली. कॉलेज म्हणजे इंग्लंडहून टपालाने चालणारा कोर्स. पुस्तकं अबुधाबीच्या आमच्या पोस्टबॉक्समध्ये यायची. त्यात एक प्रकल्प होता. इंग्लंडमधल्या बरोचा, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचा, कारभार समजावून सांगायचा आणि एका वॉर्डाची नमुना निवडणूक घ्यायची. दहा जणांची मतं मोजून निकाल कळवायचा.

मी नगरसेवक कधी पाहिलासुद्धा नव्हता. आई म्हणाली, शुक्रवारी जेवायला येतात त्यांचीच मतं घे. बाबा मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते, आणि तिथले वेल्डर, पेंटर, फिटर असे सात-आठ काका सुट्टीला आमच्याकडे यायचे. इंग्रजी नावांतून ते कोणाला निवडणार, असं वाटून मी त्यांच्यातल्याच तिघांना उमेदवार केलं. वर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं: कौन्सिलची निवडणूक, गुप्त मतदान, पसंतीच्या नावापुढे फुली मारा. गुरुवारी अर्धा दिवस असायचा. सगळे गेल्यावर बाबांनी ऑफिसच्या झेरॉक्स मशिनवर दहा प्रती काढून आणल्या.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी त्या वाटल्या. पेंटरकाका म्हणाले, "मी निवडून आलो तर आधी आमच्या लेबर कॅम्पातला एसी दुरुस्त. तोवर मॅनेजरला आमच्या खोलीत झोपवतो." बाबाही हसले. मग मी वहीत लावायला मूळ कागद मागितला. बाबांनी पिशवी उलटी केली, खिसे पाहिले आणि खाली बसले.

"मशिनच्या काचेवरच राहिला," ते म्हणाले.

कोणीच हसेना. कामगारांनी जमून पुढारी निवडणं तिथे चालत नव्हतं. आणि कंपनीच्या मशिनमध्ये कंपनीच्याच तीन माणसांची नावं होती. सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीकडे होते. वेल्डरकाकांनी प्रती गोळा करून आईकडे दिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तुझं चुकलं असं नाही. पण माझं नाव कशाला घातलंस?"

मी वही मिटून ठेवली.

ऑफिस शनिवारीच उघडणार होतं. शुक्रवारी गेलो तर वॉचमन कारण विचारेल, म्हणून बाबा गेले नाहीत. मी इंग्रजीत एक पत्र लिहिलं, की हा माझ्या अभ्यासाचा कागद आहे, यात नावं असलेल्या तिघांचा काही संबंध नाही. सकाळी बाबांनी ते खिशात घातलं, सोबत कोर्सच्या पुस्तकाचं ते पान. दिवसभर मी आणि आई फोनजवळ बसून होतो. तो वाजू नये असंच वाटत होतं.

संध्याकाळी बाबांनी चार घड्यांचा कागद माझ्या हातात दिला. काचेवर तो नव्हता. त्यांच्या टेबलावर, स्टेपलरखाली ठेवलेला होता. पेंटरकाकांच्या नावापुढे निळ्या पेनाने फुली मारलेली होती.

"कोणी?" आईने विचारलं.

"माहीत नाही. दिवसभर कोणी एक शब्द बोललं नाही."

त्याचीच जास्त भीती वाटली. पेंटरकाकांचा व्हिसा दोन महिन्यांनी संपत होता. तोवर दर शुक्रवारी दारात ते दिसेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नसे. शेवटी कंपनीकडून व्हिसा वाढवल्याचा शिक्का मिळाला.

निकालाच्या पानावर मी लिहिलं, मतदान झालं नाही. ते खरं नव्हतं. पेंटरकाकांना एक मत पडलं होतं. पण ते त्यांना सांगायचं धाडस आमच्यापैकी कोणालाच झालं नाही.