मॅचच्या दिवशी गोलकीपर बोलत नाही

आमच्या ह्यांच्या युनिव्हर्सिटीत पोरांची बर्फावरच्या हॉकीची टीम आहे, हे मी पहिल्यांदा लग्न ठरताना ऐकलं आणि मला वाटलं आत्याबाई काहीतरी चुकीचं सांगतायत. सिंगापूरला बर्फ कुठला, तिथं तर बारा महिने घाम. पण हे माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा, सांगलीत लहानपणी चाकाच्या बुटांवर हॉकी खेळून कोपरं फोडून घ्यायचे ते मी बघितलेलं, त्यामुळं म्हणलं असेल काहीतरी. पीएचडीला इकडं आले आणि चाकं जाऊन बुटाखाली पातं आलं. आता तिथंच लॅबमध्ये नोकरीला आहेत, तरी टीममध्ये आहेत, कारण गोलात उभं राहायला दुसरं कुणी तयार होत नाही.

मी नववीतनं शाळा सोडलेली. इथं राहायच्या पासचं काम व्हायला वेळ लागला, पोरगी तीन वर्षांची होत आली तेव्हा आम्ही दोघी इकडं आलो. चोआ चू कांगचा फ्लॅट, आणि हॉलमध्ये ह्यांचे पॅड वाळत घातलेले. एकेक पॅड म्हणजे आपल्याकडची पोराची गादी. वास असा यायचा की पोरगी नाक दाबून म्हणायची, "स्मेली लाह," आणि हे हसायचे. मी विचारायचे, अहो, हे सगळं अंगावर बांधायचं म्हणजे लागत असेल ना फार. ते म्हणायचे, लागू नये म्हणूनच बांधायचं. मला ते काय पटायचं नाही.

आणि लागलंच. त्या दिवशी मी पुलाउ उबीन बेटावर होते, ब्लॉकमधल्या मराठी बायकांनी नेलं होतं, सकाळी हे उठायच्या आधीच आम्ही निघालो होतो. बाकीच्यांनी सायकली घेतल्या, मला सायकल येत नाही म्हणून मी धक्क्यावर पोरीला घेऊन बसले होते, तेवढ्यात ह्यांच्या टीममधल्या लडाखच्या पोराचा फोन. म्हणाला, "भाभी, कुछ नहीं हुआ." म्हणजे काहीतरी झालंच होतं. बॉल नसतो त्यांच्यात, रबराची काळी चकती असते, ती ह्यांच्या मास्कवर कपाळाला बसली होती आणि हे पडून डोकं बर्फाला आपटलं होतं. बोटीत मी सगळ्या वाटेनं पोरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

हॉस्पिटलातली डॉक्टरीणबाई माझ्यासाठी हळू बोलली, पण हळू बोललं तरी इंग्रजी ते इंग्रजीच. मला एवढं कळलं की उलटी झाली तर आणा, फार झोप आली तर आणा, आणि एकदम गप्प झाले, नेहमीसारखे वागेनात, तर लगेच आणा. क्वायट हा शब्द मला पक्का कळला कारण पोरीच्या नर्सरीत भिंतीवर लिहिलेला आहे. खेळायला थोडे दिवस थांबा म्हणाली. किती दिवस ते मला कळलं नाही, आणि ह्यांना विचारलं की दरवेळी आधीपेक्षा कमी सांगायचे.

मग तो रविवार आला. सकाळी हे उठले, आंघोळ केली, खुर्चीत येऊन बसले. मी म्हणलं, डोकं कसं आहे. उत्तर नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. उप्पीट पुढं ठेवलं, लिंबू देऊ का विचारलं, तर हात हलवला. पोरगी मांडीवर चढली, तिच्या केसांवरनं हात फिरवला पण शब्द नाही. मी म्हणलं, अहो, रागावलाय का. मान नुसती हलली. मला सांगा, मी काय समजायचं. कधी एवढे गप्प नसतात हे, उप्पीटात मीठ कमी असलं तर त्याच्यावर सुद्धा दहा वाक्यं बोलतात. पोरगी मला म्हणाली, "पप्पा नो वाँट टॉक." आणि तेवढ्यात ह्यांनी पॅडची बॅग ओढली, चपला घातल्या आणि लिफ्टकडं गेले, येतो पण म्हणाले नाहीत.

मी दारातच उभी. गॅस बंद केला का नाही ते दोनदा बघितलं. फोन लावला, उचलला नाही. मग पोरीला कडेवर घेतलं, तिच्या एकाच पायात सॅंडल, दुसरी हातात, तशीच एमआरटीच्या स्टेशनकडं पळाले. गाडीत बसल्यावर तिला दुसरी सॅंडल घातली. एक मन म्हणायचं डॉक्टरीणबाईला फोन कर, दुसरं म्हणायचं फोनवर बोलणार काय, माय हजबंड क्वायट? ती म्हणेल बरं आहे की.

तो बर्फ एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर आहे, ह्यांनी एकदा येता-जाता दाखवलेला. खाली लोक भाजी घेत होते आणि वर थंडीनं माझे दात वाजायला लागले. लडाखचा पोरगा दारातच भेटला, अर्धे कपडे अंगावर. मी त्याला हिंदीत सांगितलं की हे बोलत नाहीयेत, सकाळपासून एक शब्द नाही, डॉक्टरनं सांगितलंय गप्प झाले तर आणा. तर तो हसला.

"अरे भाभी, मॅच के दिन गोली बोलता ही नहीं है. भैया ने बताया नहीं?"

गोली म्हणजे गोलकीपर. मला काही कळंना. तो म्हणाला, क्लबचा रिवाज आहे, पहिल्यापासून आहे. मॅचच्या दिवशी गोलकीपर उठल्यापासून मॅच सुरू होईपर्यंत तोंड उघडत नाही आणि त्याच्याशीही कुणी बोलत नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाला, अगदी पहिल्या वर्षी त्यांच्या गोलकीपरचा घसा बसला होता, त्याला बोलताच येत नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांनी गोऱ्या साहेबांच्या टीमला हरवलं. तेव्हापासून.

बाकावर एक चिनी अंकल बसले होते, पांढरे केस, टीमचं जुनं जॅकेट. ते क्लब सुरू झाला तेव्हाच्या पोरांतले, अजून प्रत्येक मॅचला येतात. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं, हिंदी कळली नसणार पण हातवारे कळले. म्हणाले, नो नो, घसा नव्हता, आणि पुढचं पोरानं मला हिंदीत सांगितलं. आधीची बर्फाची जागा बंद पडली होती, मग ही पोरं चाकांवर प्रॅक्टिस करायची, एचडीबीच्या, म्हणजे सरकारी इमारतींच्या, कारपार्कमध्ये. वरनं लोक ओरडायचे, पोलीस बोलावू म्हणायचे. गोलकीपर सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारा, म्हणून त्याला सांगितलं, यू शट अप, लाह. तिथनं सवय पडली.

मी दोघांचं ऐकत होते आणि माझं लक्ष काचेपलीकडं. हे बाकावर बसले होते, मास्क डोक्यावर सरकवलेला, बर्फाकडं बघत. रिवाज आहे म्हणलं तर रिवाजच दिसत होता. आणि डोक्याचं म्हणलं तर तसंही दिसत होतं. मी पोराला म्हणलं, बरं, रिवाज आहे. पण त्यांना खरंच काही झालं असेल तर तुम्हाला कळणार कसं? दोन्हीत गप्पच की.

त्यानं एकदा काचेकडं बघितलं. मग म्हणाला, भाभी, प्लीज. मॅचच्या आधी बोलायला लावलं तर अपशकुन होतो. आणि गोली नाही तर मॅच नाही, मॅचला टीम आली नाही तर युनिव्हर्सिटी या वर्षी क्लब बंद करणार आहे. आधीच आपली गिनती कमी आहे.

मला त्यांचा क्लब बंद पडावा असं काही वाटत नव्हतं हो. पण मी म्हणलं, एक शब्द. एक शब्द बोलू देत, मग मी खाली भाजीच्या दुकानात जाऊन बसते, वर तोंड पण दाखवत नाही.

अंकल उठले. त्यांनी बर्फाकडं जायचं छोटं दार उघडलं आणि मला म्हणाले, आस्क हिम. पोरगा म्हणाला, अंकल, ये तो आपने ही बनाया है रूल. अंकलला ते कळलं का नाही कुणास ठाऊक.

मी दारात उभी राहिले, पुढं रबराची चटई आणि मग बर्फ. हे दाराला लागूनच्या बाकावर, हाताच्या अंतरावर. सगळी पोरं बघायला लागली. मला काही सुचंना काय विचारावं, कधी विचारायची वेळच आली नाही ना असं. तोंडात आलं ते विचारलं.

"अहो, सकाळी काय खाल्लं?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग अंकलकडं, मग पोराकडं. बोलू का नको असं. पोरानं हात जोडले, बोलो यार, भाभी नहीं मानेंगी.

"पोहे," हे म्हणाले.

उप्पीट होतं. मी पोराला सांगितलं, उप्पीट होतं. तो खो खो हसला. "भाभी, किसी मर्द को याद रहता है क्या? मेरे पापा को तो ये भी नहीं पता कि घर में चाय कौन सी आती है." बाकी पोरांना त्यानं इंग्रजीत सांगितलं, तीही हसली. कुणीतरी म्हणालं, पोहे आणि उप्पीट दोन्ही पिवळंच ना. उप्पीट पांढरं असतं, पण ते राहू दे. मला पण क्षणभर वाटलं खरंच, ह्यांना कधी लक्षात राहतं, गेल्या आठवड्यात वांग्याला दोडका म्हणाले होते. मी वेड्यासारखी धावत आले, एवढ्या लोकांत ह्यांचं हसं केलं. मी मागं वळणार होते.

तेवढ्यात हे म्हणाले, "तू आलीस, मग पोरगी कुणाजवळ ठेवलीस?"

पोरगी माझ्या कडेवर होती. तिनं पुढं वाकून ह्यांच्या मास्कच्या तारा धरल्या होत्या.

पोरगा अजून हसतच होता, त्याला मराठी कळत नाही. मी त्याला हिंदीत सांगितलं काय म्हणाले ते. त्याचं हसणं एकदम थांबलं. तो गुडघ्यावर बसला आणि ह्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. हे म्हणत होते, अरे, क्या कर रहा है. पण पाय त्यांनी स्वतःच पुढं केला.

टॅक्सीत अंकल पुढं बसले, आम्ही तिघं मागं. मी ह्यांचा हात धरला होता, पोरगी त्यांच्या मांडीवर, त्यांना आता कळत होतं ती कोण आणि कुठं आहे ते. हळूच म्हणाले, "मला सकाळपासून कळंना झालं होतं, मी बोलत नाही का मला बोलवंना. वाटलं मॅचचा दिवस आहे, असंच असतं." मग म्हणाले, "तुला मी सांगितलं होतं ना त्या रिवाजाचं? फोनवर, मागंच." मला तर काही आठवंना. खरंच सांगितलं नव्हतं, का मी विसरले, का त्यांना नुसतंच तसं वाटतंय, मी कुणाला विचारू. मी म्हणलं, हो, सांगितलं होतं.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा अंकल मागं न बघता बोलले, तुटक तुटक, मला कळेल असं. म्हणाले, त्यांचा तो पहिला गोलकीपर, त्यालाही आधीच्या मॅचला डोक्याला लागलं होतं. त्यानंतरच तो गप्प असायचा. वर्ष संपायच्या आत घरी निघून गेला, मलेशियात इपोहला, परत खेळला नाही. "वी थॉट ही इज सो कूल," म्हणाले. मग कारपार्कचं काय, असं विचारावं वाटलं, पण मला तेवढं इंग्रजी जुळेना आणि त्यांचा आवाज नीट नव्हता. कारपार्क पण खरं असेल. दोन्ही खरं असेल.

हॉस्पिटलात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तीच होती. आत रक्त वगैरे काही नव्हतं. पण आज परत लागलं असतं तर, म्हणाली, आणि पुढचं इंग्रजीत जे बोलली ते मी मुद्दाम समजून घेतलं नाही.

मॅच झाली. एका जाड्या पोराला ह्यांचे पॅड बांधून गोलात उभं केलं, तो आयुष्यात कधी गोलात उभा राहिला नव्हता, खूप गोल खाल्ले म्हणे, पण टीम आली होती एवढं युनिव्हर्सिटीला पुरलं. आता क्लबात नव्या पोरांना सांगतात की गोलकीपरची बायको चपला घालून बर्फावर पळत आली आणि नवऱ्याला कानाला धरून घेऊन गेली. मी चटईच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं. लडाखच्या पोराला म्हणलं, असं खोटं का सांगता. तो म्हणाला, भाभी, ऐसे ही बनती है हिस्ट्री. आणि मॅचच्या सकाळी आता गोलकीपरला कुणीतरी विचारायचंच, काय खाल्लं म्हणून. तो सांगतो. खरं सांगतो का खोटं, ते कुणालाच माहीत नसतं.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा दुपार होती. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, खोलीत अंधार करा, फोन नको, टीव्ही नको, डोक्याला आराम, फार बोलायला लावू नका. मी पडदे ओढले. हे भिंतीकडं तोंड करून पडले. पोरीला मी ओठावर बोट ठेवून दाखवलं, ती चवड्यांवर चालायला लागली.

मी स्वयंपाकघरात भांडी घासायला घेतली, आवाज होईल म्हणून नळ बारीक सोडला. आतनं काही आवाज नाही. डॉक्टरनं सांगितलंय म्हणून गप्प आहेत, हे मला माहीत होतं. तरी ताट तसंच सिंकमध्ये ठेवलं आणि ओल्या हातानं दारात गेले.

"अहो."

"हं."

परत ओट्याकडं आले. एक वाटी घासली. मग परत गेले.