पानाची डावी बाजू

अक्काच्या मनगटाला नाडी लागत नसे. माझी ही थोरली बहीण चांगली हिंडतीफिरती, शाळेत शिकवणारी. तरी डॉक्टर तिचं मनगट धरून कोड्यात पडत. मला त्याची भारी गंमत वाटे. मग तिला चक्कर येऊ लागली आणि गंमत सरली. रक्तवाहिन्यांना आतून सूज येऊन त्या बुजत चालल्या होत्या. मद्रासला नेऊन छातीपासून मानेपर्यंत रक्ताला नवी वाट करून दिली.

ऑपरेशन झकास झालं. पण काही दिवसांनी डोकं भयंकर दुखलं, झटके आले. डॉक्टर म्हणाले, मेंदूला थोडक्या रक्ताची सवय झालेली. एकदम भरपूर आलं ते सोसलं नाही, उजवीकडे रक्तस्राव झाला. आमच्याकडे कोरड्या कालव्यात एकदम पाणी सोडलं की बांध फुटतो, तसंच हे.

तंजावूरला परतली तेव्हा ती बोलत होती, चालत होती. फक्त जेवताना भांडायची.

"आई, कोशिंबीर वाढली नाहीस. दुखणाईत मणून तोडून वाढतेस कां?"

कोशिंबीर केळीच्या पानावर डावीकडे होतीच. आई बोट दाखवी, अक्का उजवीकडेच पाही. आई स्वयंपाकघरात जाऊन रडे. मला राहवेना. मी कोशिंबीर थोडी थोडी सरकवत गेले. मध्यावर आली तशी अक्का म्हणाली, "आत्ता वाढलीस!" डोळे शाबूत होते, पण मेंदूचा उजवा भाग दुखावल्याने डावीकडेही काही असतं हेच तिला उमगत नव्हतं.

मी पानच फिरवायला गेले, तर आईने हात धरला. "अय्यो, नक्को! शेंडा उजवीकडे? तसं कुठल्या दिवशी मांडतात, ठाऊक नाही?" मरणाच्या दारातून परतलेल्या लेकीपुढे ती श्राद्धाच्या दिवसासारखं पान मांडू देणार नव्हती. मला राग आला, पण पान तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी आईने स्टीलचं ताट काढलं. "ह्याला शेंडा नाही," म्हणाली. अक्काजवळ बसून चार घास झाले की ती ताट फिरवी. भांडण मिटलं.

असे कित्येक महिने गेले. एका दुपारी आई ताट फिरवायला वाकली, तर अक्का आपणहून डावीकडचा अप्पळम-पापड मोडत होती. आई काठ धरून तिथेच रडू लागली, आणि अक्का घाबरून विचारत राहिली, "अगं आई, झालं काय?"