ट्रेबलच्या बटणावरची टिकली

माझ्या धाकट्या भावाच्या, शशिकांतच्या दाराला चिमणीची बेल आहे. बटण दाबलं की आत चिवचिव होते. तो राहतो त्या कॅम्प पाच वस्तीतल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मी अंबरनाथहून शेअर रिक्षाने यायचं, गुडघे धरत तीन मजले चढायचे, बेल दाबायची, आतली चिमणी बोंबलून बोंबलून दमते, आणि हा पलीकडे गिटार घेऊन बसलेला. दार काही उघडत नाही. त्याची बायको श्रद्धा घरी असली तर ठीक, नाहीतर मी कडी आपटायची, थापा मारायच्या, शेजारणीने डोकं बाहेर काढून बघायचं, मग साहेब उगवणार. वर मलाच म्हणणार, "अगं ताई, बेल वाजवायची ना." छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं मी. भलीभली वांड पोरं सरळ केली. पण या माणसापुढे हात टेकले. "बहिरा आहेस का रे?" हे मी त्याला किती वेळा म्हटलं असेल, गणती नाही.

शशी आता सत्तावन्नचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस शॉपला तेहतीस वर्षं काढली त्याने. पत्रे कापणारे मोठाले प्रेस दिवसभर धाडधाड चालणार आणि हा मधोमध उभा. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, पण हा घालायचा नाही. कारण काय, तर डायची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याची, धार गेली की प्रेसचा आवाज बदलतो आणि तो सगळ्यांच्या आधी याला कळतो. साहेबलोक म्हणायचे, शशिकांतला विचारा, त्याचा कान खोटं बोलत नाही. त्या कानाचा त्याला भारी अभिमान.

दुसरा अभिमान गिटारचा. पहिल्या बोनसमधून घेतलेली ती गिटार अजून तीच. लहानपणापासून मी गाणार आणि हा वाजवणार हे घरात ठरलेलं. पण माझी शाळा, त्याच्या शिफ्टा, पोरांची शिक्षणं, यात सगळं राहून गेलं. "रिटायर झालो की बँड काढू, ताई," हे मी तेहतीस वर्षं ऐकत आले. गेल्या दिवाळीत कंपनीने व्हीआरएस दिली आणि तिसऱ्या दिवशी स्वारी माझ्या दारात हजर. मी गायचं, त्याने गिटार वाजवायची, आणि आमच्या आळीतले भगवंतराव ढोलकीला. ते पूर्वी ऑर्केस्ट्रात होते, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं असं त्यांचं मत.

बदलापूर पूर्वेला शिरगावात वरद नावाच्या मुलाने नाश्त्याचं हॉटेल काढलंय. मिसळ, थालीपीठ, आठ-दहा टेबलं. रविवारी सकाळी आठ ते दहा जुनी गाणी ठेवू म्हणाला. आधी तीन रविवार बघू, लोकांना आवडलं तर कायमचं. शशी त्या रात्री झोपला नाही, असं श्रद्धाने मला सांगितलं. लग्नातसुद्धा एवढा खूश नव्हता म्हणे.

पहिल्या रविवारी त्याने घरातला जुना अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, आणला. मी पहिला अंतरा घेतला, शशीने मधला तुकडा वाजवला, आणि माझ्या दातांतून कळ गेली. इतका तीक्ष्ण आवाज, की पाटीवर नख ओढावं तसा. समोरच्या टेबलावरचं कुटुंब ताटं घेऊन कोपऱ्यात जाऊन बसलं. एका आजोबांनी कानातलं मशीन काढून चटणीच्या वाटीशेजारी ठेवलं आणि शांतपणे थालीपीठ खायला लागले. शशी मात्र वाकून ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण आणखी वर करतोय. मी डोळे मोठे केले तर मला म्हणतो, "आवाज बसलाय गं. उघडतच नाही."

"अरे बाबा, कान फाटतायत लोकांचे."

"ताई, तुला गाण्यातलं कळतं. गिटारमधलं नाही."

घ्या. सगळं झाल्यावर वरद मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, तुमचं गाणं छान आहे. पण गिटार कानात घुसते हो. काकांना सांगा ना जरा." पोरगं भिडस्त, काकांना स्वतः सांगेना. मी सांगितलं तर काकांचं म्हणणं, अॅम्प जुना झालाय, नवा बघायला हवा.

मग काय, आठवडाभर माझ्या डोक्याला ताप. सकाळी वॅट, संध्याकाळी वॅट. पंधरा वॅटचा पुरेल का, तीस घ्यावा, की सरळ साठ. स्पीकर आठ इंची की दहा. मी म्हटलं, अरे दहा टेबलांचं हॉटेल आहे, मैदानावर सभा नाही आपली. तर भगवंतराव मध्ये पडले. त्यांच्याकडे ऑर्केस्ट्राच्या काळातला शंभर वॅटचा धूड पडून होता, तो दुसऱ्या रविवारसाठी दिला. तो कपाटाएवढा डबा शेअर रिक्षात घालताना रिक्षावाल्याने त्याची वेगळी सीट लावली. मी मागे डब्याला मिठी मारून बसले, या वयात.

आणि वाजवल्यावर पुन्हा तेच. मोठा डबा, त्यामुळे त्रास मोठा एवढाच फरक. शशीने तोंड वाकडं केलं, ट्रेबल टोकाला नेला, म्हणाला याच्यातही दम नाही. दोन टेबलं अर्ध्यातून उठून गेली. निघताना वरदने स्पष्ट सांगितलं, "काकू, पुढचा रविवार शेवटचा बघतो. नाही जमलं तर राग मानू नका." मी शशीला ते जसंच्या तसं सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग या आठवड्यात चांगला अॅम्प मिळायलाच हवा."

गुरुवारी मी त्याला घेऊन कॅम्प तीनला गेले. बाजारात हरेश नावाच्या माणसाचं वाद्यांचं दुकान आहे, वर जीन्सचा कारखाना, शिलाई मशीनची घरघर अखंड. हरेश सिंधी, मराठी आमच्याइतकीच बोलतो, मध्ये मध्ये हिंदी. माणूस सोशीक. त्याने एक अॅम्प लावला. शशी म्हणाला, बसका आहे. दुसरा लावला. दबलेला आहे. तिसऱ्याला हरेश म्हणाला, "साईं, तुम्ही डबा खाली ठेवता आणि वर उभे राहता. तीखा आवाज सरळ जातो पब्लिकच्या तोंडावर, तुम्हाला वर काहीच येत नाही. बस इतनीसी बात है." त्याने अॅम्प स्टुलावर ठेवला, थोडा वर कलता केला, थेट शशीच्या तोंडासमोर. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन आठवडे माझा जीव खाल्ला.

शशीने वाजवलं. मान हलवली. "नाही. अजून बंदच आहे."

माझा पारा चढला. हरेशने माझ्यासाठी चहा मागवला होता, तो हातात धरून मी शशीला बोलणारच होते. तेवढ्यात त्याने वाकून ट्रेबल पार शेवटपर्यंत फिरवला, आवाज वाढवला आणि गिटार तशीच अॅम्पच्या तोंडाशी नेली. जी शिट्टी सुटली त्यातून, बारीक, लांब, मेंदूत सुई जावी तशी. माझ्या हातातला चहा पदरावर सांडला. हरेशने दोन्ही कान दाबले. वरची मशीनं थांबली आणि दोन शिंपी जिन्यावरून ओरडत खाली आले.

शशी स्पीकरला कान लावून उभा होता. चेहरा शांत. म्हणाला, "आता बघा, जरासा खुलला."

हरेशने वायर उपटली. माझ्याकडे बघितलं आणि शिंप्यांना समजवायला बाहेर गेला. मी शशीच्या समोर गेले.

"शशी, ती शिट्टी ऐकू आली तुला?"

"कसली शिट्टी?"

मी त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग सांगितलं. कंपनीत शेवटच्या मेडिकलला त्याला काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन लावले होते. आवाज आला की बटण दाबायचं. "मी दाबलंच नाही गं, ताई. खालचे आवाज आले तेवढे दाबले, बारीक एकही आला नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं." डॉक्टरांनी कागद दिला होता, कानाला मशीन लावा म्हणून. तो याने गिटारच्या पेटीत अस्तराखाली ठेवला. श्रद्धालाही सांगितलं नाही. ज्याच्या कानाचं सगळ्या शॉपने कौतुक केलं, त्याने कोणत्या तोंडाने सांगायचं, हा त्याचा प्रश्न.

"तारेवरून बोट सरकतं ना," तो म्हणाला, "त्याची एक सुर्रकन सळसळ येते. मला सगळ्यात आवडायची ती. ती येतच नाही आता. आधी वाटलं अॅम्प जुना झाला. नंतर कळत होतं अॅम्पचं नाहीये. पण म्हटलं, एखादा डबा असेल असा, ज्याच्यातून येईल."

"आणि मी बोलते ते?"

"तुझं येतं. स, श कळत नाहीत, ते तोंडाकडे बघून लावतो."

मी गाताना हा सतत माझ्या तोंडाकडे बघायचा. मला वाटायचं थोरल्या बहिणीला मान देतोय. मला इतका संताप आला, त्याचा, कंपनीचा, त्या बोळ्यांचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. बहिरा आहेस का, हे मी ज्या ज्या वेळी म्हटलं त्या प्रत्येक वेळची लाज वाटली. भर बाजारात रडू आलं, ते चहाने भिजलेल्या पदराने पुसलं.

"वरदला सांग, तिसरा रविवार नको," शशी म्हणाला. "मीच नाही म्हणालो असं सांग."

"गप बस," मी म्हटलं आणि आत गेले.

आयुष्यात मी कधी अॅम्प निवडला नव्हता. हरेशला म्हटलं, मला उचलता येईल आणि रिक्षात दोन पायांच्या मध्ये मावेल असा दाखव. त्याने तीस वॅटचा एक साधा डबा काढला. शशीला भिंतीकडे तोंड करून वाजवायला लावलं आणि बटणं मी फिरवली. ट्रेबल कमी केला, गोड झाला पण झोपला. थोडा वाढवला, थोडा अजून. एका जागी ती त्याची सळसळ आली, बारीक, कुणाला न टोचणारी. हरेशने मान डोलावली. मी कपाळाची टिकली काढली आणि बटणाचं टोक जिथे होतं, तिथे चिकटवली. शशीला सांगितलं, याला तू हात लावायचा नाहीस.

"पण मला काय कळणार कसं वाजतंय?"

रिक्षात त्यावर त्यानेच तोड काढली. प्रेस शॉपमध्ये कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, सगळं हातांनी चालायचं. तळवा खाली दाबला की हळू. तळवा वर की वाढव. अंगठा आणि बोट जुळवून गोल केलं की माल बरोबर, चालू दे. दोन पायांत डबा धरून मी ते शिकले. समोरचा रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे.

तिसऱ्या रविवारी मी टिकली तपासली, डबा स्टुलावर कलता ठेवला. भगवंतराव म्हणाले, एवढासा डबा काय वाजणार. त्यांना मी तिथेच गप्प केलं. दुसऱ्या गाण्यात शशीचा हात सवयीने ट्रेबलकडे गेला. अर्ध्यात थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर असा अवघडलेपणा, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. मी गाता गाता अंगठा आणि बोट जुळवून गोल केलं. त्याने हात मागे घेतला आणि वाजवत राहिला. नंतर दोनदा मी तळवा खाली दाबला, एकदा वर केला. आजोबा आले होते. कानातलं मशीन कानातच होतं.

दहा वाजता वरद म्हणाला, "काकू, पुढच्या रविवारी पावणेआठला याल का? टेबलं लावायच्या आधी." मी म्हटलं, येऊ. आणि मंगळवारी शशीला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. पेटीतला कागद माझ्या पर्समध्ये आहे. नाही म्हणाला तर श्रद्धा आणि मी दोघी मिळून नेऊ.

हॉटेल रिकामं झालं. भगवंतराव मिसळ घेऊन बसले. शशी गिटार पुसत होता.

"मधला तुकडा कसा झाला गं, ताई?"

"चांगला झाला."

"चांगला म्हणजे कसा? त्या भांड्यांच्या आवाजात वरचं सगळं पुसट आलं मला. मी नुसता बोटांच्या भरवशावर वाजवलं."

घसा बसला होता माझा, दोन तास गाऊन. तरी त्याच्याशेजारी खुर्ची ओढली, कानाजवळ तोंड नेलं आणि त्याने वाजवलेला तो तुकडा खालच्या पट्टीत, त्याच्या कानात शिरेल अशा आवाजात त्याला म्हणून दाखवला. अगदी सरकणाऱ्या बोटांच्या सळसळीसकट, तीही तोंडाने. बासष्टाव्या वर्षी काय काय करायला लागतं माणसाला. तो डोळे मिटून ऐकत होता. आज त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

संपल्यावर डोळे उघडून म्हणाला, "दुसऱ्या ओळीत तिसरा सूर चढला तुझा. मी तसा नाही वाजवला."

असली चिडले मी. भगवंतरावांकडे बघितलं, तर ते मिसळीत तोंड घालून बसलेले. मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितलं.

चढलाच होता.