भिंतीवरची पाण्याची रेघ

लेकीकडे ऑस्ट्रेलियात गेलो असताना मरे नदीकाठच्या एका जुन्या, छोट्या गावात थांबलो. एकेकाळी इथून लोकरीचे गठ्ठे आगबोटींतून जायचे. आता धक्का ओस पडला होता आणि नदी त्याच्या कितीतरी खाली संथ वाहत होती. चहाच्या दुकानाच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, एक रेघ कोरलेली दिसली.

दुकानाच्या वृद्ध मालकीणबाई म्हणाल्या, "मी लहान असताना पुराचं पाणी तिथवर चढलं. वडिलांनी मला याच छपरावरून होडीत उतरवलं."

मी मान वर करून बघतच राहिलो.

"मग गावात परत कधी आलात?"

"आम्ही गेलोच कुठे? टेकडीवर तंबू ठोकून बसलो. पाणी आलं, पाणी गेलं."

एवढं सांगून त्या शांतपणे चहा ओतू लागल्या. माझे हात नकळत जोडले गेले.